माझी पापणी आणि कोमलचं वाक्य

डॉक्टरांनी ग्लोव्हमध्ये बर्फ भरून माझ्या डाव्या डोळ्यावर धरला. थोड्या वेळाने काढला, तर अर्धी मिटलेली पापणी चक्क वर गेली.

"मायस्थेनिया ग्रेव्हिस वाटतंय," ते म्हणाले. "नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप अर्धवट पोहोचतो. म्हणून स्नायू वापरला की थकतो."

"म्हणजे हा आळस नाही?"

"आळस? कोण म्हणालं?"

कोमल म्हणाली होती.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये कुर्त्यांच्या कारखान्यात आम्ही दोघी एका टेबलावर पॅकिंग करतो. ती तिथलीच, सिंधी. मी बदलापूरची, मांजर्लीची. तिची कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड पोळी, आणि माझी भाकरी आम्ही कित्येक वर्षं वाटून खात आलो.

लग्नसराईत मला दुपारनंतर एकाचे दोन दिसू लागले. पापणी उतरायची, जेवताना जबडा दमायचा. चाळिशी लागली असेल म्हणून चष्म्याच्या दुकानात जाऊन आले. नंबर काही निघाला नाही.

मग एका दुपारी माझ्या हातून साइझचे स्टिकर चुकीचे लागले आणि अख्खा गठ्ठा परत आला. माल कोमलने पाठवला होता, म्हणून शेठ तिच्यावर ओरडले. ती तणतणत टेबलाशी आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम मराठी लोगों को बस सोना है! काम हम करें, गाली भी हम खाएँ!"

चूक माझी होती, कबूल. पण त्यात माझी अख्खी जात-जमात कुठून आली? आणि बोललं कोण, तर कोमल! माझ्याही जिभेवर सिंध्यांबद्दल एक वाक्य आलं होतं. ते मी तोंडातच ठेवलं.

बर्फाच्या तपासणीनंतर रक्ताची अँटीबॉडी टेस्ट झाली. छातीचा सीटी स्कॅन झाला, थायमस नावाच्या ग्रंथीत गाठ नाही ना हे बघायला. वेटिंग रूममध्ये बाकीचे मोबाइल बघत होते, मी कोमलचं वाक्य घोळवत होते. आजाराइतकीच भीती त्या टेबलावर परत बसायची वाटत होती.

गाठ नव्हती. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावलं, "श्वास लागला किंवा गिळता येईना, तर थेट हॉस्पिटल गाठा." तुमचीही पापणी दिवस कलताना उतरत असेल, तर माझ्यासारखं चष्म्यावर थांबू नका.

कामावर गेले तर कोमल कोकी घेऊन उभी. डोळे भरलेले. "सॉरी यार. मला काय माहीत तू बीमार आहेस!"

"जाऊ दे" म्हणणं सोपं होतं. पण मला ते पुरेना.

"आजारी नसते, नुसतीच चुकले असते, तर तू बोललीस ते खरं ठरलं असतं का गं?"

तिने हातातली कोकी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "नाही. तेव्हा पण खोटंच होतं."

आता सकाळी स्टिकर मी लावते, दुपारनंतर ती.

परवा इस्त्रीवाल्या रामदुलारने कुर्ता जाळला. कोमल उसळली, "तुम भैया लोग—" आणि थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "रामदुलार, इस्त्री बहुत गरम है. कम कर."

दुपार कलली होती, माझी पापणी अर्धी उतरली होती. तरी मला सगळं स्वच्छ दिसलं.