सासऱ्यांनी पॉलिश केलेले बूट
काळ्या बूटपॉलिशचा वास आला की मला पंच्याऐंशी सालचा, अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातला उन्हाळा आठवतो. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेले माझे सासरे तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. नोकरीत असताना ते वर्षातून दोनच महिने घरी असत, आणि तेवढे दिवस सगळ्यांचे बूट स्वतः पॉलिश करत. आमच्याकडेही त्यांनी तेच सुरू केलं. सासऱ्यांनी जावयाचे बूट पुसावेत याचा मला संकोच वाटे, पण खरी भीती वेगळीच होती. माझी नोकरी गेली होती आणि ते मी बायकोला सांगितलंच नव्हतं. रोज टाय लावून निघायचो आणि संध्याकाळपर्यंत तळ्याकाठी बसायचो. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी, ती आंघोळीला गेलेली असताना, ते ब्रश मारता मारता म्हणाले, "जावईबापू, तुमच्या ऑफिसात बदकं फार झालीत वाटतं. बुटांच्या तळाला रोज त्यांची घाण असते." मी मान खाली घातली. "एकदा माझी रजा कॅन्सल झाली," ते म्हणाले, "घरी कळवायचा धीर झाला नाही. हिची आई पोरांना घेऊन दोन दिवस एसटी स्टँडवर वाट बघत बसली. तुम्ही आजच सांगून टाका." बायको बाहेर येताच मी सांगितलं. ती ओले केस पुसता पुसता म्हणाली, "आणि पाऊस असला की डबा कुठे खात होतात?" "गाडीत," मी म्हणालो. त्या दुपारी तिने मला घरीच ताट वाढलं. तीन आठवडे तिला फसवल्याचं आजही मनाला लागतं, पण इतक्या मोकळ्या मनाने मी नंतर क्वचितच जेवलो असेन.