खिडकीची जागा

आबांना इकडं आणायचं ठरलं तेव्हा मधे कुठंच न उतरणारं विमान मीच हट्टानं धरलं. दहावीच्या आत माझी शाळा सुटली. अमेरिकेत इतकी वर्षं काढूनही परक्या विमानतळावर विमान बदलणं मला जमत नाही. त्यात सोबत वडील. नवऱ्यानं मला त्यांना आणायला पाठवलं, त्याचे उपकारच.

शेळगावहून निघताना आबा म्हणाले, "एवढ्या लांब जायचं, अन् मधी थांबत न्हाय? आपली एष्टी भिगवणला च्याला तरी थांबती."

जागा शेजारी मिळाल्या नाहीत. त्यांना खिडकी, मला दोन रांगा मागं. त्यांच्या शेजारच्या माणसाला जागा बदलाल का, एवढंच इंग्रजीत विचारायचं होतं. वाक्य मनात जुळवत राहिले. तोवर तो डोळ्यांवर पट्टी ओढून झोपला आणि मला सुटल्यासारखं झालं. मागून आबांची टोपी ताठ दिसत होती. खिडकीशी बसलेत, बरे असतील. एकदा जाऊन पाण्याचा पेला पुढं केला, तर हातानंच नको म्हणाले. तो मीच प्याले, जरा फिरून आले आणि झोपले.

उतरताना त्यांच्या डाव्या पायात चप्पल जाईना. पोटरी तटतटलेली. एकदाही उठला नाहीत का, मी विचारलं.

"झोपल्याल्या माणसाला वलांडू कसा गं? त्यालाबी लेकरंबाळं असतील."

आमच्या घरी झोपलेल्याला कुणी ओलांडलं, की त्याला परत उलटं ओलांडायला लावत. हे ठाऊक असून मी त्यांना आतल्या जागी बसवलं. पाणी का नको होतं, तेही तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी पायात रक्ताची गाठ सांगितली. वेळेवर आलात, म्हणाले. ती विरघळेपर्यंत परतीचं विमान नाही. रोज उसाच्या बांधानं फिरणारा माणूस आता सोफ्यावर, पाय उशीवर ठेवून बसतो आणि मी चहा दिला तरी बरं वाटलं म्हणतो.

काल मी भांडी घासत असताना आबांना गावाहून धाकट्या चुलत्यांचा फोन आला. विमानातनं काय काय दिसलं, विचारत होते.

"समदं दिसलं की," आबा म्हणाले. "लेकीनं खिडकी धरून दिली हुती."

विमान उडाल्यावर थोड्याच वेळात विमानवाल्यांनी सगळ्या खिडक्या काळ्या केल्या होत्या, बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. मी नळ बंद केला, पण स्वयंपाकघरातून बाहेर गेले नाही.