कोल्ड स्टोरेजचं उघडं दार

"यात शिरता येतंय," हे आमच्या मॅडमचं ठरलेलं वाक्य. सोसायटीचं गेट असो, बँकेचा काउंटर असो की ऑफिसातला नवा संगणक, त्या मान तिरकी करून जरा वेळ बघत आणि निकाल देऊन टाकत. दुसऱ्याच्या वस्तूचं कौतुक त्यांना जमतच नसे. स्वतःचं मात्र तोंड भरून करत. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल आणि तुम्हीही त्याला टाळत असाल.

तुर्भ्याच्या आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तेव्हा नुकतेच सगळे संगणक एकमेकांना जोडले होते. मॅडम संगणक खात्याच्या प्रमुख, आणि खात्यात त्या एकट्याच. मूळच्या साताऱ्याकडच्या, राहायला कामोठ्याला. गणपतीत निम्मं ऑफिस कोकणात जाई, म्हणून काम अडू नये यासाठी आम्ही सगळ्यांनी एकच पासवर्ड ठेवला होता: बाप्पाचं नाव. मॅडमनी तो भर जेवणाच्या सुट्टीत मोठ्यांदा म्हणून दाखवला. आम्ही हात जोडले आणि पुन्हा जेवायला लागलो.

त्यांचा खरा राग मोडेमवर. गारव्याची यंत्रं बसवणाऱ्या कंपनीला पुण्यात बसून खोल्यांचं तापमान बघता आणि बदलता यावं म्हणून ते फोनच्या लायनीला जोडलेलं होतं, आणि पासवर्ड कंपनीनं दिला तोच राहिला होता. तो ज्याला ठाऊक, तो नंबर फिरवून थेट आत. मॅडम शेठच्या मागे भुणभुण करत राहिल्या. शेवटी शेठ वैतागले.

"मॅडम, आपन फळं ठेवतो, बँक नाय चालवत. दसऱ्यापर्यंत शिरून दाखवा, नायतर तुमचं खातंच बंद करतो."

घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच होत्या. मला त्यांची फार काळजी वाटू लागली.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी एकही मशीन बंद ठेवायचं नाही हा शेठचा दंडक, त्यामुळे प्रत्येक संगणक हळदकुंकू लावून, हार घालून चालू ठेवलेला. मॅडमचा पत्ता नव्हता. घाबरून आल्या नाहीत, असं कुणीतरी म्हणालंही. आरती रंगात आली आणि कोपऱ्यातला प्रिंटर आपणहून खडखडू लागला. शेठनी झेंडूच्या पाकळ्या झटकून कागद वाचला. इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर होता: शेठ, मी घरी बसून आत आलेय. चार नंबरच्या खोलीत तुमची सफरचंदं आहेत. गरम करू का?

टाळ्या थांबल्या. तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. शेठनीच उचलला आणि कशाला हात लावू नका म्हणून विनवलं. मॅडमचा आवाज मला बाजूला उभं राहूनही ऐकू आला.

"खात्याचं काय ते आधी बोला की. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

एका हातात फोन, दुसऱ्या हातात आरतीचं तबक, अशा थाटात शेठनी खातं चालू राहणार असल्याचं जाहीर केलं. ऑफिसनं पुन्हा टाळ्या धरल्या, पण त्या देवाला नव्हत्या. मी तर शिट्टी मारली.

मॅडम आता निवृत्त होऊन गावी गेल्यात. त्यांच्या एकटीच्या कामाला हल्ली चार माणसं लागतात. मला मात्र त्या दसऱ्याच्या दुपारच्याच मॅडम दिसतात. ठेवणीतली साडी नेसून त्या रिक्षातून उतरल्या, सगळ्यांकडून सोनं घेतलं आणि थेट मोडेमच्या संगणकापुढे बसल्या. शेठ पेढ्यांचा बॉक्स घेऊन कौतुकानं मागे उभे राहिले. मॅडमनी हात थांबवले.

"नवा पासवर्ड टाकतेय. तिकडं बघा."

आमच्या शेठना असं सांगणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. ते पेढ्यांसकट निमूट भिंतीकडे वळले, आणि मॅडम 'झालं' म्हणेपर्यंत तसेच उभे राहिले.