शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तर

झाशी स्टेशनवर मला पोचवायला आईबाबांच्या मागे कॉलनीतली चार घरं आली होती आणि प्रत्येकाने ब्रसेल्सच्या थंडीबद्दल एकेक सूचना आणली होती. तिकडे त्यांच्यापैकी कुणीच गेलं नव्हतं. बाबा सरकारी इंजिनिअरिंग कंपनीतून नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी डबा हातात देत सांगितलं, "आधी पोटभर जेव, मग जग सुधार." गाडी हलली तशी मी खिडकीला डोकं टेकून रडले.

हे झाशीत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहिते आहे आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठीही. मी तिकडे नेमकं करते काय, असं तुम्ही दर खेपेला विचारता. दुसऱ्या देशात माल बनवून घ्यायचा आणि अडचण आली की हात झटकून मोकळं व्हायचं, हे मोठ्या कंपन्यांना जमू नये म्हणून सगळ्या देशांनी मिळून नियम करावेत, अशी आमची मागणी आहे. त्यासाठी ठिकठिकाणच्या संघटना आणि सहकारी गट यांची मोट बांधायची, हे माझं काम. प्रत्यक्षात बराच वेळ व्हिडिओ कॉलवर "तुमचा आवाज येत नाहीये" म्हणण्यात जातो.

मानिक चौकातल्या बायकांचा गट यात आला तो आईमुळे. या बायका कापडी खेळणी शिवतात. एका परदेशी कंपनीने तयार माल नाकारला, तेव्हा त्यांनी एजंटला रामराम ठोकला आणि स्वतःची सहकारी संस्था काढली. आई तिथे बैठकीचा वृत्तांत लिहिते. त्यांची रीत अशी, की ठराव मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येकीने तो आपल्या शब्दांत बोलून दाखवायचा. एक जरी गप्प राहिली, तरी विषय पुढे ढकलायचा. सुट्टीत आले की मला तो निव्वळ वेळखाऊपणा वाटायचा.

आमची रीत उलटी. मसुदा ईमेलने पाठवायचा आणि शुक्रवारपर्यंत आक्षेप आला नाही तर संमती धरायची. गेल्या वर्षीचं संयुक्त निवेदन असंच पाठवलं. झाशीहून काहीच उत्तर आलं नाही. मी गटाचं नाव खाली घातलं आणि छापील प्रतीचा फोटो कौतुकाने आईला पाठवला.

त्यात एक मागणी होती, की कंपन्यांनी घरोघरी काम वाटणं बंद करावं. काही ठिकाणी घराच्या चार भिंतींआड मुलांना राबवतात, म्हणून ती घातली होती. पण मानिक चौकातली प्रत्येक बाई घरीच शिवते. कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली, कुणाचं मूल अंगावर पिणारं. आमचं काम बंद करा, असं मी त्यांच्याच नावाने जगाला सांगून बसले होते.

फोटोतला मजकूर वाचून आईने फोनवर हे सांगितलं, तेव्हा मी रजा काढून झाशीला आले. गटाच्या अध्यक्ष फूलवतीजी यांच्या अंगणात बैठक होती. मी ईमेलचा नियम समजावू लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बुंदेलीत विचारलं, "हम चुप हते, सो तुमने हओ मान लई, बिन्नू?" आम्ही गप्प होतो, म्हणून तू होकार धरलास, पोरी? आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. आई वहीतून मान वर करत नव्हती. इतकी लाज मला आयुष्यात क्वचित वाटली असेल.

त्या दुपारी आम्ही मागणी नव्याने लिहिली. घरी काम करणारीलाही कामगार माना आणि तिची जबाबदारी कंपनीवर टाका. तेरा जणींचं बोलून व्हायला तीन तास लागले. निवेदन मागे घ्यायला लावलं म्हणून ब्रसेल्सच्या सहकाऱ्यांनी माझ्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. काही गट अजून फुगलेले आहेत. फूलवतीजींनी मात्र नव्या मजकुरावर सही केली. हल्ली उत्तर न देणाऱ्या प्रत्येक गटाला मी स्वतः फोन करते.

आता तुझं घर कुठलं, असंही तुम्ही विचारता. ब्रसेल्समध्ये मी फ्रेंचमध्ये भाजी घेते, हिंदीत चिडते आणि रविवारी फोनवर मराठी बोलते. तिथे माझं कुणावाचून अडत नाही. इथे आले की आठवड्याभरात पाय शिवशिवतात, आणि तिकडे पोचले की तुमच्या आठवणीने जीव तुटतो.

त्या दिवशी बैठक उठायच्या बेतात असताना फूलवतीजींनी विचारलं, तू कायमची परत कधी येणार? सगळ्याजणी माझ्याकडे बघू लागल्या, आईसुद्धा. मला हो म्हणता येईना आणि नाही म्हणवेना. कुणीही घाई केली नाही. बऱ्याच वेळाने आईने पेन उचललं आणि वृत्तांतात हिंदीत शेवटची ओळ लिहिली, "यह विषय अगली बैठक में."