परमिट परत येईपर्यंत

रुपराव बोरकुटे हट्टी आहेत, हे शामलाबाईंनी लग्नाच्या पंगतीतच ओळखलं होतं. मांडवातली एक वायर उघडी दिसली, तर नवरदेव जेवायचे थांबले. वायरमन येऊन तिला पट्टी गुंडाळेपर्यंत त्यांनी घास उचलला नाही, आणि अख्खं वऱ्हाड ताटावर हात धरून बसलं. नवरदेवाच्या सासऱ्यांनी तेव्हा कपाळाला हात लावला होता.

असा माणूस खापरखेड्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं टिकला यात नवल ते काय! तिथं त्यांचा एक नियम होता. लाइनीवर काम करायचं तर आधी पुरवठा तोडायचा, लाल पाटी अडकवायची आणि काम करणाऱ्याच्या सहीनं परमिटाचा कागद त्याच्या हाती द्यायचा. काम संपलं की ज्यानं कागद घेतला, त्यानंच तो परत आणून द्यायचा. मोठे साहेब आले तरी रुपराव दुसऱ्याच्या हातून कागद घेत नसत, आणि कागद आल्याशिवाय लाइन सुरू करत नसत. लोक कंटाळायचे, शिव्याही घालायचे. पण त्यांच्या पाळीत कुणाला साधा चटका बसला नाही.

रिटायर झाल्यावर मात्र त्यांच्या स्वतःच्याच छातीत गोंधळ सुरू झाला. हृदय अशक्त झालं, ठोके वेडेवाकडे पडू लागले, पाय सुजू लागले, जिन्याच्या चार पायऱ्यांत धाप लागू लागली. दोन वर्षं शामलाबाई त्यांच्या पाठीवर तळहात ठेवून झोपल्या. श्वास चालू आहे ना, एवढंच त्यांना कळायला हवं असायचं.

दिवाळीनंतर धरमपेठेतल्या एका दवाखान्यात गळ्याजवळच्या हाडाखाली पेसमेकरचं मशीन बसलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, त्यातून हृदयाकडे वायरी गेलेल्या. घरी सगळ्यांना वाटलं, आता गाडी रुळावर आली. पण शिवरात्र येता येता पाय पुन्हा सुजले.

दवाखान्यातल्या डॉ. दामिनीबाईंनी मशीनची नोंद काढून दाखवली. "काका, हृदयाच्या खालच्या दोन्ही बाजू एकाच वेळी आवळायला हव्यात, ते काम मशीन करतं. पण वरचे कप्पे सारखे थरथरतात, आणि तिथले उलटसुलट इशारे खाली घुसतात. म्हणून शंभरातले जेमतेम साठ ठोके मशीनच्या वाट्याला येतात. वरून खाली इशारे नेणारं मधलं जंक्शन जाळून टाकलं, तर सगळे ठोके मशीनचे होतील."

"मंग मशीन बंद पडलं तर?"

"तर हृदयाचा स्वतःचा ठोका फार हळू राहील, कधी राहणारही नाही. मी खोटं नाही बोलणार."

रुपराव उठले आणि चपला घालून बाहेर पडले.

घरी दोन दिवस हा विषय निघाला की ते पुन्हा चपला घालत. तिसऱ्या दिवशी शामलाबाईंनी चहाचा कप जरा जोरातच ठेवला. "काहून असं करून राहिले तुम्ही? सूज घोट्यावरून पोटरीवर आली."

"चालू लाइन कोणी तोडते का वं? आपल्या हातानं?" रुपराव म्हणाले, आणि मग त्यांचा आवाजच खाली आला. "मले भेव लागते शामला. तोडली अन् मांगून काही आलंच नाही तर?"

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून निघालं नव्हतं. शामलाबाईंचे डोळे भरून आले, पण त्या पदर लावत बसणाऱ्या नव्हत्या. "मंग तुमच्या नियमानं करून घ्या ना. लिहा परमिट. डॉक्टरबाईले द्या."

रुपरावांनी खरंच लिहिलं. एका पानावर, शाईच्या पेनानं. काम: छातीतलं जंक्शन तोडणे. दुसरा पुरवठा तपासला काय? परमिट घेणाऱ्याची सही. परत करणाऱ्याची सही.

दामिनीबाईंनी कागद वाचला. हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी खुर्ची ओढली, खालच्या कप्प्यांच्या दोन्ही वायरी आणि बॅटरी त्यांच्यासमोर तपासली, आकडे लिहिले आणि सही केली. "एक वायर दगा देईल, तर दुसरी आहे. आणि कागद मीच परत आणीन."

काम तासाभरात झालं. मांडीतून तार वर गेली, रुपराव जागेच होते. आधी शेजारच्या ठोके मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक धावत होती, अडखळत होती. मग एकदम ती सरळ चालायला लागली, आणि ते मनातल्या मनात मोजत पडून राहिले.

वॉर्डात प्रीती सिस्टर सही झालेला कागद घेऊन आली. "काका, मॅडम दुसऱ्या पेशंटजवळ आहेत. सगळं चांगलं झालं. हे घ्या अन् वरणभात खाऊन घ्या."

"तुम्ही नाही घेतलं ना परमिट? मंग मी नाही घेत," रुपराव म्हणाले. ताट झाकूनच राहिलं. सिस्टरनं शामलाबाईंकडे पाहिलं. शामलाबाई म्हणाल्या, "पोरी, याईनं लग्नातही असंच केलं होतं."

चार वाजता दामिनीबाई आल्या. कपाळावर टोपीचा वळ तसाच होता. त्यांनी कागद स्वतःच्या हातानं दिला. रुपरावांनी तो नीट वाचला, खाली 'लाइन चालू' असं लिहिलं, सही ठोकली आणि मग ताटावरचं झाकण काढलं.

दीड महिन्यानं नोंद आली. शंभरातले नव्व्याण्णव ठोके मशीनचे. त्या दुपारी शामलाबाई गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या, तर मागून रुपराव जिना चढून आले. मध्ये एकदाच थांबले होते. त्यांनी कापडाचं दुसरं टोक धरलं, उरलेल्या कुरडया घालून संपवल्या आणि कठड्याच्या सावलीत टेकले. शामलाबाई शेजारी बसल्या. सवयीनं त्यांचा तळहात पाठीवर गेला.

"आता काढ वं हात," रुपराव म्हणाले. "परमिट परत आलं ना."

"ते बाईचं आलं," शामलाबाई म्हणाल्या. "माहं मी अजून परत नाही केलं."

डोळे पुसायला रुपरावांनी उपरण्याचं टोक घेतलं. नियम त्यांचाच होता, त्यामुळे शामलाबाईंचा हात पाठीवर तिथंच राहिला.