दोन पितळी कड्या

"विचारायचं तरी होतंस मला!"

"काय विचारायचं, ताई? टेप आमची, गाणं आमचं."

"टेप तुमची असेल. त्यातले हात कुणाचे?"

कावळा समोरच्या सोफ्याच्या उघड्या सांगाड्यावर टेकायला गेला, तशी ती खेकसली, "स्प्रिंगवर नको! पँट फाटेल. या वयात कोण शिवून देणार तुला?"

त्याचं खरं नाव आता तिलाही आठवत नव्हतं. तरुणपणी हा गायला लागला की वरच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घ्यायचे, तेव्हापासून तो कावळा. केस पिकले, तरी काळं जाकीट काही सुटलं नव्हतं. पोस्ट-पंक म्हणे! दातओठ खात म्हटलेली तुटक, अंधारी गाणी. इतक्या वर्षांनी त्यांच्या बँडचं नवं सिंगल आलं होतं आणि जो तो त्याबद्दल बोलत होता.

तिनं ते मुद्दाम लावलं नव्हतं. आरामखुर्चीला कापड ठोकत होती, रेडिओ आपला चालू होता. हातोडी उचलली आणि कानावर आलं : ढप... किण. ढप... किण. हातोडी हवेतच राहिली.

सोफे शिवणं हा तिच्या वडिलांचा धंदा. ते गेल्यावर दुकान तिनं ओढलं, मागच्या खोलीत आईला सांभाळलं. लग्न राहूनच गेलं. "बघायला यायचे ते सोफेच बघून जायचे," असं ती हसत सांगायची. धाकटा भाऊ मात्र धंद्यात रमला नाही. ताट, दार, टेबल, दिसेल ते बडवायचा, म्हणून सगळे त्याला ठोक्या म्हणत. शेजारी भांडायला आले तेव्हा तिनं कातरणं आणि काथ्या भरून एक जाड गादी शिवली आणि त्याच्या मोठ्या ड्रमच्या पोटात कोंबली. आवाज दबला. पण घाईत पडद्याच्या दोन पितळी कड्या खोळीच्या दुमडीत शिवल्या गेल्या होत्या. दर ठोक्यामागून त्या एकमेकींवर वाजायच्या. ती उसवायला बसली, तर त्यानं कात्री काढून घेतली.

"राहू दे गं ताई. माझ्या मागून कुणीतरी चालत येतंय असं वाटतं."

पुढे धुक्यात बँडची गाडी कठड्यावर आदळली. बाकीचे खरचटून बाहेर आले. ठोक्या आला नाही. ड्रमचाही चुरा झाला. तो आवाज तिथेच संपायला हवा होता.

"किती ड्रमर आणून पाहिले," कावळा म्हणाला. "ठोका जमतो सगळ्यांना. मागचं ते किण नाही जमत. मग ठोक्याच्या वाजवण्याची जुनी टेप काढली. वाटलं, तुला बरं वाटेल."

"मला? आतल्या खोलीत कोण आहे ते विसरलास?"

आई आता लेकीलाही ओळखत नव्हती, 'अहो बाई' म्हणायची. पण त्या दिवशी गाणं लागलं आणि ती अंथरुणात उठून बसली. म्हणाली, "आला वाटतं."

"आधी सांगितलं मी तिला, की आई, तो गेला. तर अशी रडली, जणू आजच कळलं. पुन्हा गाणं लागलं, पुन्हा फणी घेऊन दाराकडे तोंड करून बसली. माझी जीभच रेटत नाही आता. आमचा रेडिओ बंद ठेवते, तर समोरचा न्हावी मोठ्यानं लावतो! मागे घे ते गाणं."

"आता माझ्या हातात नाही, ताई."

"मग आत जा आणि तूच सांग तिला. गाडी तू चालवत होतास."

हे ती इतक्या वर्षांत कधीच बोलली नव्हती. कावळ्यानं एकदा रस्त्याकडे पाहिलं, मग पडदा सारून आत गेला. ती उंबऱ्यापाशी उभी राहिली.

आईनं त्याला क्षणात ओळखलं. "कावळ्या! किती वाळलास रे. खायला घालतात की नुसतं ओरडायला लावतात?"

तो कसाबसा हसला. खाटेशेजारी वाकला. "काकू... एक सांगायचंय."

"सांगशील रे सावकाश. हा कुठेय? गाडी लावतोय?"

तेवढ्यात समोरून, न्हाव्याकडून, ते आलंच. ढप... किण. आईचा हात केसांकडे गेला. डोळे दारावर.

"तुझ्या मागेच होता ना?"

उंबऱ्यावर ती पदराचं टोक मुठीत आवळून थांबली होती. बोल. एकदा तूच बोल.

कावळा उठला. जाकीट सारखं केलं. तिच्याकडे न बघता, अंग चोरून तिच्याजवळून निघाला, सोफ्यांमधून वाट काढत बाहेर पडला. दुकानाचं दार उघडंच टाकून गेला.

"बघा हो बाई," आई म्हणाली, "आणायला गेला त्याला."