फलकावरच्या चारशे बाया

“कुठायत चारशे? मला चारशे दाखवा! नाही, थांबा, पेपरात तर पाचशे आहेत. वरच्या शंभर कुठं ठेवल्यात?”

साहेब कापसाच्या जिनच्या आवारात उभे राहून ओरडत होते. एका हातात वर्तमानपत्राचं कात्रण, दुसऱ्या हातात रुमाल, आणि राग एवढा की कपाळाचा घाम ते कात्रणानंच पुसत होते. समोर बाया ओळीनं बसलेल्या. मी मागं लिंबाच्या झाडाला टेकून, त्या खोडात शिरता येईल का ते बघत होतो.

साहेबांनी तिसऱ्या ओळीतल्या एका बाईकडं बोट केलं. “तू. जिनमध्ये काय काम करतेस?”

“मी मिरच्या इकते साहेब,” ती म्हणाली. “आज बाजार हाय न्हवं. ह्या बाबानं बसवलं इथं. म्हणला, घडीभर बसा, साहेब निस्ते मोजून जातेत.”

“कोणत्या बाबानं?”

तिनं माझ्याकडं बघितलं. बाजारातून उचलून आणलेल्या साठ-सत्तर बायांनी माझ्याकडं बघितलं. बाजारातल्या दोन शेळ्या मागोमाग आल्या होत्या, त्यांनीही बघितलं असं मी पुढं सांगत आलो, पण शेळ्या नव्हत्या. पहिल्या दोन ओळींत मात्र जिनमध्ये खरोखर काम केलेल्या एक्केचाळीस बाया होत्या, आणि त्यांनी माना खाली घातल्या. त्यांत माझी सख्खी मावशी होती.

आम्ही तेव्हा परभणी जिल्ह्यात मोडत होतो. मी हिंगोलीच्या वाचनालयात कारकून, आणि बाहेरच्या भिंतीवरचा वार्ताफलक रोज लिहिणं हे माझं काम. काळा फळा, नऊ ओळी मावायच्या. सकाळच्या रेडिओवरच्या बातम्या ऐकायच्या, आदल्या दिवशी एसटीनं आलेला पेपर चाळायचा आणि नऊ ओळींत जग बसवायचं. जग बसत नसेल तर मी त्याला जरा ताणून बसवायचो. कळमनुरीकडं कुणाच्या बैलाला लांडग्यानं हुंगलं की माझ्या फलकावर वाघ यायचा. डोंगरकडा गावाला हरभऱ्याएवढ्या गारा पडल्या की मी नारळाएवढ्या लिहायचो, आणि डोंगरकड्याचेच लोक बाजाराला आले की सांगायचे, “बराबर हाय, आमी हातात घेऊन बघितल्या.” लोक हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला यायचे. वाघानं नि गारांनी कुणाचं काही बिघडलं नाही.

मग कापसाचं आलं. सरकारनं ठरवलं की आता कापूस व्यापाऱ्यानं घ्यायचा नाही, सरकारच घेणार. पेपरात रोज त्यावरच वाद. एकीकडं व्यापारी शेतकऱ्याला किती नाडतात ते, दुसरीकडं सरकारी कारकुनाच्या हाती कापूस गेला की गाड्या उभ्या राहून कशा सडतील ते. मंत्री बोलायचे, विरोधक बोलायचे, अडत्यांची पत्रकं यायची. मी दोन्ही बाजू फलकावर द्यायचो. फळा एका अडत्यानं करून दिलेला असल्यामुळं अडत्यांना पाच ओळी, सरकारला चार.

आमच्या गावची जिन खाजगी. कापसातली सरकी वेगळी करून रुई काढायची. नव्या कारभारात सरकार ज्या जिनला काम देईल तीच चालणार, बाकीच्यांना कुलूप. मालकानं कुलूप लावलं, किल्ली मुकादमाकडं दिली आणि तो अकोल्याला निघून गेला. मालकाचं म्हणणं पेपरात आलं, फोटोसकट. कापसातला पाला आणि किडकी बोंडं निवडणाऱ्या बायांना मात्र कुणी काही विचारलं नाही. त्या सरकारच्या बाजूच्या की अडत्यांच्या, हे ठरत नव्हतं, आणि पेपराला तिसरी बाजू ठाऊक नव्हती. मलाही नव्हती. माझी मावशी त्या बायांत असूनही मला ती दिसली नव्हती.

मावशी विहारातल्या वर्गात अक्षरं शिकलेली. जिनला जाताना फलकापाशी थांबायची, वरपासून खालपर्यंत ओठ हलवत सगळं वाचायची, मगच पुढं जायची. जिन बंद झाल्यावरही त्याच वेळेला यायची, वाचायची आणि परत घरी जायची. काका गेलेले, घरात दोन पोरी. एक दिवस वाचून झालं तरी ती हलली नाही.

“रोज कापूस कापूस लिहून राहिलास,” ती म्हणाली. “आमची एक ओळ लिही की.”

“काय लिहू?”

“जिनच्या बाया बसून हायत. काम पायजे. बस.”

“मावशे, असं लिव्हलं तर कुत्रं बी थांबायचं न्हाई.”

“तुला जमल तसं लिही बाबा. आठ दिस झाले, चूल एकाच टायमाला पेटून राहिली.”

मी लिहिलं. सगळ्यात वर, लाल खडूनं. लाल खडू आम्ही मरणाच्या बातम्यांना आणि सरकारी हुकुमांना राखून ठेवलेला. “जिन बंद : चारशे महिलांच्या चुली विझल्या!” एक्केचाळीस हा आकडा मी आधी लिहून बघितला होता. तो मला किरकोळ वाटला. दूरवर विधानसभेत एवढे मोठे लोक भांडतायत आणि आमच्या गावातून काय, तर एक्केचाळीस? मी पुसला. चारशे म्हटलं की तोंड भरतं.

जिल्ह्याच्या पेपरचा वार्ताहर बसस्थानकावर पेपर विकायचा. तो जिनला गेला नाही. तो फलकासमोर उभा राहिला, वहीत उतरवून घेतलं आणि दुपारच्या एसटीच्या कंडक्टरजवळ पाकीट दिलं. तिसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा वाटेत शंभर बाया वाढल्या होत्या. “पाचशे महिलांवर उपासमारीची पाळी.” मला पक्कं ठाऊक होतं की ह्या माझ्याच चारशे आहेत, परगावी जाऊन लठ्ठ होऊन आलेल्या. तरी मी फलकावर लिहिलं, “वृत्तपत्रातही वृत्त : आकडा पाचशेवर!” आणि लिहिताना मला ते खरं वाटलं. छापून आलं होतं ना.

पंधरा दिवसांनी परभणीहून निरोप आला. ते कात्रण कुठल्यातरी मोठ्या टेबलावर पोचलं होतं. साहेब दोन जिन बघणार, आमची आणि वसमतकडची एक, आणि दोन्हींतल्या एकीला काम देणार. मावशी धावत वाचनालयात आली, माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. “तुह्या एका ओळीनं साहेब येऊन राहिला रे लेकरा!” मी गूळ खाल्ला. गिळताना आठवलं की साहेब मोजणार.

साहेब आले तो बाजाराचा दिवस होता. मला वाटलं, देवच आपल्या बाजूनं आहे. मी भाजीवाल्या, मिरचीवाल्या, बोंबीलवाल्या, सगळ्यांच्या हातापाया पडून त्यांना जिनच्या आवारात आणून बसवलं. चारशे काही होईनात. मावशीनं विचारलं, “ह्या काहून?” मी म्हणालो, “मोजायला.” ती पहिल्या ओळीत जाऊन बसली. मुकादमानं सकाळपासून मशिनींना तेल घातलं होतं, पट्टे चढवले होते, आतली जमीन झाडून घेतली होती. साहेब म्हणतील तेव्हा चालू करून दाखवायची म्हणून तो बटणापाशी उभा होता.

मिरचीवालीनं माझ्याकडं बघितल्यावर साहेबांचा आवाज एकदम उतरला. त्यांनी हजेरीपट मागवला. बोटानं खाली-खाली जात मोजलं.

“एक्केचाळीस,” ते म्हणाले. “एक्केचाळीस असं छापून आलं असतं तर मी आलो असतो की नाही, देव जाणे. पण आता हा मुकादम म्हणतो मशिनी चालू आहेत. ते मी कशावरून खरं धरू?”

मावशी उठून उभी राहिली. “मशिनी चालू हायत साहेब. आत येऊन बघा. आमी एक्केचाळीस खऱ्या हाव. आमाला मोजा.”

“मोजलं बाई,” ते म्हणाले आणि पेनाचं टोपण लावलं. आत गेले नाहीत. जीप गेली. मुकादम बराच वेळ बटणापाशीच उभा होता. मिरचीवाली तिचं टोपलं शोधत होती.

काम वसमतकडच्या जिनला मिळालं. कदाचित ते आधीच ठरलेलं असेल. मी स्वतःला हे इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यात साहेबांनी आधीच तिकडं जेवण केल्याचाही तपशील आलाय. पेपरात ती बातमी दोन ओळींची होती. शेजारी विधानसभेतला कापसावरचा वाद पाऊण पान, दोन्ही बाजूंसह. मी फलकावर सातव्या ओळीत पांढऱ्या खडूनं लिहिलं, “स्थानिक जिनला काम नाही. एक्केचाळीस महिला बेकार.” आयुष्यात पहिल्यांदा मी जसंच्या तसं लिहिलं होतं. दिवसभरात त्या ओळीपाशी कुणी थांबल्याचं मला दिसलं नाही. मावशीही आली नाही.

मिरचीवालीचा किस्सा मी पुढं चारचौघांत खूप सांगितला. लोक लोळून हसायचे. मी तिथंच थांबायचो.

पुढचं असं, की बाया पांगल्या. मावशी कनेरगाव नाक्याकडच्या रस्त्यावर खडी फोडायला लागली आणि थोरल्या पोरीला शाळेतून काढून तिनं सोबत नेलं. एका दुपारी मी एसटीनं गेलो. दगडांच्या ढिगापाशी ती बसलेली, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. पोरगी घमेलं घेऊन लांब उभी होती, माझ्याकडं आली नाही. मावशीनं मला पाणी दिलं, घरचं विचारलं, वाचनालयातला पंखा दुरुस्त झाला का ते विचारलं. मी बराच वेळ पंख्याबद्दल बोललो. मग म्हणालो,

“मावशे, ते चारशे पेपरवाल्यानं न्हाई, मी केलते.”

“माहीत हाय. त्याच सकाळी वाचलं की मी.”

“मग तवाच काहून बोलली न्हाईस? तू म्हणली असतीस तर मी पुसलं असतं.”

तिनं पुढचा दगड ओढून घेतला, नीट बसवला.

“मला वाटलं, फलकावर असंच लिव्हत असतेत.”